वळताना वाजणारी गाडी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच बहुतेक ठेवलं आहे. मधे लाईट गेली तेव्हाची दहा मिनिटं तेवढी गाळली आहेत.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'सोसायटीची पंचवीस वर्षे : एक आढावा' असं छापलं आहे. ते सेक्रेटरीसाहेबांनी मला न विचारता छापलं. आढावा मी घेणार नाही. इतिवृत्ताच्या वह्या ऑफिसच्या कपाटात आहेत, ज्याला हव्या त्याने वाचाव्यात. पाण्याच्या टाकीवरून आपण किती वर्षं भांडलो ते त्यात तारीखवार लिहिलेलं आहे. सिंकिंग फंडाचे आकडे खजिनदार सांगतील.

मी बोलणार आहे आमच्या लाल गाडीबद्दल. हसू नका. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा या पार्किंगमध्ये तीन स्कूटर, एक लुना आणि माझी एक जुनी गाडी एवढीच वाहनं होती. आज अकरा गाड्या आहेत आणि त्या कोणी कुठे लावायच्या यावर दर वार्षिक सभेत तासभर जातो. पण मधली बरीच वर्षं रात्री-अपरात्री कुणाला दुखलं-खुपलं तर दार वाजायचं ते माझं. समोर बसलेल्यांपैकी दोन मुलं ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातून घरी आली ती या लाल गाडीतून. त्यातला एक आता बारावीला आहे. त्यामुळे गाडीची कागदपत्रं माझ्या नावावर असली तरी ती थोडी सोसायटीचीच आहे, असं मी समजतो.

तर गेल्या वर्षी ही गाडी वळताना वाजायला लागली.

मला ते सगळ्यात शेवटी कळलं. सत्तरी ओलांडली की कान बारीक आवाज आधी सोडून देतात, आणि आत काचा वर करून बसलेल्या माणसाला तसंही कमीच ऐकू येतं. पहिल्यांदा सांगितलं ते गेटवर येणाऱ्या मासेवाल्या बाईंनी. मी गेटमधून आत वळत होतो. टोपली खाली ठेवून त्या म्हणाल्या, "बाबानू, तुमची गाडी वळताना दात खाता मां!" मी हसलो आणि विसरलो. पुढे महिनाभराने नातीने सांगितलं की खाली खेळणारी मुलं न बघता ओळखतात, कट-कट-कट आलं की लाल गाडीवाले आजोबा आले. मग मी एकदा काच खाली करून गेट वळलो. कट, कट, कट, कट. चाकाच्या लयीत, अगदी टाइपरायटरसारखं.

आता प्रत्येकाचं मत सुरू झालं. पहिल्या मजल्यावरचे गुरुजी म्हणाले, बेअरिंग. त्यांच्या चिरंजीवांनी मोबाइलवर बघून सांगितलं, शॉकअप. आमची ही म्हणाली, "अहो, विकून टाका." पुण्याहून मुलाचा फोन आला, त्यालाही तेच म्हणायचं होतं, तो ते गेली तीन वर्षं म्हणतोय, गाडी वाजत नव्हती तेव्हापासून. मी काय केलं? रेडिओ जरा मोठा लावायला लागलो.

मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. त्यातली पहिली वर्षं कॉम्प्युटरच्या आधीची. संध्याकाळी दिवसाचा हिशेब जुळला नाही तर कोणी घरी जात नसे. फरक शोधायच्या युक्त्या होत्या. फरकाला ९ ने भाग जात असेल तर कुणीतरी ५४ चे ४५ लिहिलेत, आकडे उलटे पडलेत. २ ने भाग जात असेल तर अर्धी रक्कम शोधा, जमेची नावे पडली असेल. आणि काहीच सापडलं नाही तर ती रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून दिवे मालवायचे. ते सगळ्यात वाईट, कारण फरक गेलेला नसतो, फक्त डोळ्यांआड झालेला असतो. रेडिओ मोठा करणं म्हणजे सस्पेन्स खातंच. हे मला त्यावेळी सुचायला हवं होतं.

मग एकदा शेजारच्या तालुक्यातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो. नाव घेत नाही. गाडी पाच मिनिटं फिरवली आणि सांगितलं, स्टिअरिंगची रॅक गेली, पूर्ण बदलावी लागेल. छापील अंदाजपत्रक दिलं, अठ्ठावीस हजार चारशे रुपये. मी विचारलं, रॅकच गेली हे कशावरून? तर म्हणे, "काका, वळतानाच वाजतं ना? वळवायचं काम रॅकच करते." उत्तर ऐकायला बरोबर वाटतं. पण वळताना गाडीत काय काय होतं याचा विचार केला तर त्यात काही अर्थ नाही, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी अंदाजपत्रक खिशात घालून परत आलो आणि गाडी कमी बाहेर काढायला लागलो.

आता जे सांगायचंय ते जरा अवघड आहे.

जुलैमधली रात्र. पाऊस असा की समोरची इमारत दिसत नव्हती. साडेबाराला दार वाजलं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. यजमानांच्या छातीत दुखतंय, घाम आलाय, भाऊजी गाडी काढता का? दोनच दिवस आधी कट्ट्याच्या रस्त्याला एका वळणावर कट-कटच्या जोडीला एक वेगळाच आवाज आला होता. ठक्. एकदाच. आणि स्टिअरिंग हातात किंचित हललं होतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री दारात उभा राहून मी वहिनींना म्हणालो, "गाडी गॅरेजला आहे हो."

किल्ली माझ्या मागे भिंतीवर खिळ्याला लटकत होती.

त्यांनी एकशे आठला फोन लावला, पण गाडी दुसऱ्या कॉलवर दूर गेलेली होती. मग कुठून तरी रिक्षा मिळवून त्या यजमानांना घेऊन आपल्या ग्रामीण रुग्णालयात गेल्या आणि तिथून पुढे ओरोसला. देवाच्या कृपेने हृदयाचं काही निघालं नाही. यजमान समोर पहिल्या रांगेत बसले आहेत आणि आताच त्यांनी दुसरा वडा घेतलेला मी पाहिला. पण मला त्या रात्री हे माहीत नव्हतं. पहाटेपर्यंत मी खिडकीशी बसून होतो. चतुर्थीला वहिनींनी नेहमीसारखे उकडीचे मोदक पाठवले. मी एकही खाल्ला नाही, हिला सांगितलं पोट बरं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी तो आवाज शोधायला लागलो. तो कसा सापडला हे मी आज सविस्तर सांगणार आहे, कारण या सभागृहात अकरा गाड्यांचे मालक आहेत आणि आपण सगळे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो.

गावाबाहेर एक मेस्त्री आहेत, वय असेल चाळीसच्या आसपास, एकटेच काम करतात. त्यांना फोन केला तर म्हणाले, "काका, आधी डिकी रिकामी करा. मगे बगूया." मला राग आला. पण केली. डिकीत काय निघालं? जॅक आणि पाना, तो बांधायचा पट्टा कधीच तुटलेला. सोड्याच्या दोन रिकाम्या बाटल्या. आणि स्टेपनीच्या खोलगट भागात एक असोला नारळ. कुठल्या लग्नातला होता देव जाणे. गाडी वळली की नारळ या कडेकडून त्या कडेला लोळायचा. म्हणजे माझ्या तीन आवाजांपैकी एक आवाज नारळाचा होता. गुरुजींना हे सांगितलं तर ते अजून बेअरिंगवरच ठाम.

पण कट-कट राहिलीच. आणि ठक् पण.

मेस्त्रींनी फोनवरच दुसरी कामं सांगितली, ती मी पार्किंगमध्ये केली. मुलांना गच्चीवर पाठवलं. गाडीची परीक्षा चालू असताना खाली कोणी पोर नको. पहिली परीक्षा उभ्या गाडीची. इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, नुसतं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि दुसऱ्याने बाहेरून प्रत्येक चाकाशी कान द्यायचा. शॉकअपच्या डोक्यावर, म्हणजे बॉनेटखाली दोन्ही कडांना, जी बैठक असते ती खराब असेल तर इथे स्प्रिंग टुणकन उडी मारल्यासारखी वाजते. आमच्यात काही वाजलं नाही. म्हणजे चिरंजीवांचं शॉकअपचं मत बाद. आणि रॅक जर इतकी गेलेली असती तर तीही इथे थोडी तरी बोलली असती.

दुसरी परीक्षा चालत्या गाडीची. पहिल्या गिअरमध्ये, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे पिळून, आपल्या विहिरीसमोरच्या मोकळ्या जागेत गोल. कट-कट-कट, मोठ्याने. मग पूर्ण डावीकडे. जवळजवळ गप्प. मग परत उजवीकडे, आणि फिरता फिरता क्लच दाबायचा. क्लच दाबला की इंजिनची ताकद चाकाला जात नाही, गाडी नुसती घरंगळते. आवाज लगेच निम्म्यावर आला. क्लच सोडला, ॲक्सिलरेटर दिला, परत टाइपरायटर सुरू.

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आवाज नुसत्या वळण्याचा नाही, वळताना ताकद पोचवण्याचा आहे. रॅकला इंजिनच्या ताकदीशी काय देणंघेणं?

आता दोन मिनिटं जरा शाळा घेतो. जुन्या ॲम्बॅसडर, फियाट आठवा. इंजिन पुढे, पण ताकद मागच्या चाकांना. मधून एक लांब दांडा जायचा आणि पुढची चाकं फक्त वळायचं काम करायची. त्या दांड्याला फुलीच्या आकाराचे सांधे असायचे. सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नावाने तो सांधा ओळखला जातो. त्याची एक खोड आहे. थोडा वाकला तर चालतो, पण जास्त वाकवला तर पलीकडचा दांडा एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. मागच्या चाकांच्या गाडीत हे दोन सांधे एकमेकांची चूक झाकून खपून जायचं. पण १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली, आणि त्यानंतर आपल्याकडे लहान गाड्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालायला लागल्या. पुढच्या चाकांनी वळायचंही आणि ओढायचंही. आता सांधा चांगला चाळीस अंशापर्यंत वाकणार आणि तरी चाक एकसारखं फिरायला हवं. हे कोडं १९२० च्या दशकात फोर्डमधल्या अल्फ्रेड रझेप्पा नावाच्या अभियंत्याने सोडवलं. एका वाटीत सहा पोलादी गोळ्या, त्यांना धरून ठेवणारा पिंजरा, आणि गोळ्यांना घसरायला खोदलेल्या वाटा. सांधा कितीही वाकला तरी त्या सहा गोळ्या बरोबर निम्म्या कोनात उभ्या राहतात आणि ताकद एकसारखी पुढे जाते. इंग्लंडमध्ये १९५९ साली मिनी गाडी आली तीही असल्याच सांध्यावर.

प्रत्येक पुढच्या चाकाशी असा एक सांधा असतो. त्याला ग्रीसमध्ये बुडवून ठेवायचं म्हणून वरून रबराची घड्याघड्यांची टोपी घालतात, तिला सगळे बूट म्हणतात. सगळा खेळ त्या बुटाचा आहे. रबर जुनं झालं, घडीत चीर गेली, की चाकाच्या वेगाने ग्रीस बाहेर फेकलं जातं. आणि आत काय जातं? आपलं पावसाळी तांबडं पाणी, जांभ्याची बारीक माती, तारकर्लीच्या रस्त्यावर उडून आलेली पुळण, आणि बाराही महिने हवेतला खार. सहा गोळ्या कोरड्या मातीत फिरायला लागल्या की वाटांना खड्डे पडतात. सरळ जाताना गोळी एकाच जागी असते, तिला फारसं कळत नाही. वळताना ती त्या खड्ड्यांवरून पुढे-मागे सरकते. कट. कट. कट.

आणि उजवीकडे वळताना गाडीचा भार बाहेरच्या, म्हणजे डाव्या चाकावर येतो. म्हणून उजवीकडे वळताना वाजलं तर संशय आधी डाव्या सांध्यावर. हे नेहमीच खरं ठरतं असं नाही, त्यामुळे दोन्ही बाजू डोळ्यांनी बघायच्याच.

मेस्त्री रविवारी आले. टॉर्च घेतला, स्टिअरिंग पूर्ण पिळायला लावलं आणि डाव्या चाकामागे वाकून बघितलं. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचा गोल पट्टा उडालेला. बुटाला बोटभर चीर. सरळ चाकात ती घडीत मिटून जाते, चाक वळवलं की तोंड उघडते. त्यांनी चिरेत बोट घातलं, जे हाताला लागलं ते अंगठ्यावर चोळलं आणि माझ्यापुढे धरलं. रांगोळीसारखं खरखरीत, तपकिरी. "ह्यां ग्रीस नाय काका, ह्यो चिखल. बूट कधीचो फाटलो हा."

मला वाटलं, सापडलं. उठून चहा सांगणार होतो. पण ते म्हणाले, थांबा, तुमचा दुसरा आवाज कुठे आहे?

त्यांनी गाडी जॅकवर घेतली आणि खाली लोखंडी स्टँड लावला. इथे एक सांगून ठेवतो. आपल्याकडे चिरा हाताशी असतो म्हणून लोक गाडीखाली चिरा ठेवतात. चाक घरंगळू नये म्हणून मागे चिरा लावणं ठीक. पण गाडीचं वजन चिऱ्यावर कधीही टेकवू नका. जांभा भार घेतो तो भिंतीत. एका कोपऱ्यावर भार आला की तो फुटतो, आणि आधी सांगून फुटत नाही.

तर चाक वर. त्यांनी घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी हात धरून चाक आत-बाहेर हलवलं. टुक, टुक. हाताला खेळ लागत होता. मला ब्रेकवर पाय ठेवायला सांगितलं. बेअरिंग सैल असेल तर ब्रेक दाबल्यावर हा खेळ थांबतो. थांबला नाही. (गुरुजी, हे तुमच्यासाठी.) मग नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं, तिथे खेळ असेल तर स्टिअरिंगच्या दांडीचं टोक गेलेलं असतं. तिथे घट्ट होतं. मग खालच्या आर्मखाली एक छोटी पहार घालून वर उचकटलं, आणि मला हाताने दाखवलं. चाकाला खालून धरून ठेवणारा जो गोळ्याचा सांधा असतो, बॉल जॉइंट, तो वाटीतून वर-खाली उचलत होता. त्याचंही रबर फाटलेलं, आत गंज. ठक् तो होता.

मी विचारलं, हे तुटलं असतं तर?

मेस्त्री फार बोलणारे नाहीत. हात पुसत म्हणाले, "मोठ्यान वराडता तो सांधो तुमका मारूचो नाय. हळू बोलता हा, तो मारतलो." म्हणजे कट-कट करणारा सांधा पुरता गेला तर गाडी ओढ घेत नाही, जिथल्या तिथे उभी राहते. पण बॉल जॉइंट वाटीतून निखळला तर चाक आडवं पडतं, गाडीचा तो कोपरा खाली बसतो आणि स्टिअरिंगला काही अर्थ राहत नाही. पार्किंगमध्ये झालं तर हसायचं. धामापूरच्या वळणावर झालं तर कुणी हसायला उरत नाही.

रॅक त्यांनी हलवून, बूट बघून, पूर्ण तपासली. शाबूत होती.

काम साडेचार तास चाललं. मी बाजूला खुर्ची टाकून बसलो होतो, आणि खरं सांगतो, निवृत्तीनंतर इतका चांगला रविवार मला मिळाला नव्हता. चाकाच्या मधला मोठा नट त्यांनी गाडी जमिनीवर असतानाच, पान्याला लांब पाइप लावून सैल केला; चाक अधांतरी असताना तो जोर लावला तर गाडी स्टँडवरून ढळू शकते. शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढला तेव्हा तेल गळलं, ते भांड्यात धरलं, आणि शेवटी तेवढं नवीन तेल परत भरलं. हे पुष्कळजण विसरतात म्हणे आणि सहा महिन्यांनी गिअरबॉक्सला दोष देतात. जुना सांधा ठोकून काढल्यावर त्यांनी तो रॉकेलमध्ये धुऊन माझ्या हातात दिला. गोळ्यांच्या वाटांवर नख फिरवलं तर खड्डे नखाला लागत होते. नवीन सांधा, ग्रीसचं अख्खं पाकीट, नवा बूट, त्याचे पट्टे आवळून. मग दोन्ही बाजूंचे खालचे आर्म बॉल जॉइंटसकट बदलले, कारण डाव्याचं वय तेच उजव्याचं वय. आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट मात्र शेवटचे आवळले ते गाडी चाकांवर उभी राहिल्यावर. लटकत्या अवस्थेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

नंतर कुडाळला जाऊन चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. सगळा खर्च, सवयीने पावत्या जपून ठेवल्यात : सांधा अठराशे, दोन आर्म अठ्ठावीसशे, बूट आणि ग्रीस साडेतीनशे, मजुरी दीड हजार, अलाइनमेंट चारशे. एकूण सहा हजार आठशे पन्नास. यातली खटकणारी रक्कम मी तुम्हाला सांगतो. साडेतीनशे. मासेवाल्या बाईंनी सांगितलं त्याच्याही आधी, बुटाला नुसती चीर होती तेव्हा कुणी टॉर्च मारून बघितलं असतं, तर साडेतीनशेचं सामान आणि मजुरी एवढ्यात सांधा वाचला असता. वाजायला लागल्यावर नुसता बूट बदलून उपयोग नाही. पडलेले खड्डे ग्रीसने भरून येत नाहीत.

अजून रोडब्रेकरवरून जाताना कुठेतरी एक बारीक टक् आहे. मेस्त्री म्हणतात ती स्टॅबिलायझरची लिंक, घाई नाही, पुढच्या ऑइल बदलीला करू. मी तारीख लिहून ठेवली आहे.

त्या मोठ्या वर्कशॉपने मला फसवलं असं मी म्हणणार नाही. पाच मिनिटांत जो माणूस निदान करतो त्याला फसवायचंच असेल असं नाही, त्याला पुढची गाडी घ्यायची असते. पण अंदाजपत्रकावर सही करण्याआधी 'दाखवा' हा एक शब्द मी म्हणायला हवा होता. बँकेत कुणी मला तारण न दाखवता अठ्ठावीस हजार मागितले असते तर मी दिले असते का?

आता त्या रात्रीचं. पुष्कळ दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो की बॉल जॉइंटची ती अवस्था बघता गाडी न काढली तेच बरं झालं. पावसात, रात्री, आजारी माणूस मागच्या सीटवर, आणि ते चाक. गाडी काढायला नको होती हे खरंच आहे. पण मी दारात 'गाडीत काहीतरी बिघाड आहे, मला भीती वाटते' असं म्हटलं असतं तर मी कपडे करून त्यांच्याबरोबर रिक्षा शोधायला गेलो असतो. गॅरेजला आहे म्हटल्यावर दार लावून घेणंच आलं.

भाषण करायचं ठरल्यावर, हे इथे आधी सगळ्यांसमोर बोलणं बरं नव्हे म्हणून काल संध्याकाळी मी दुसऱ्या मजल्यावर गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. त्या कोकमाचं सरबत करत होत्या. मागे वळून न बघता म्हणाल्या, "भाऊजी, माका तेव्हाच ठाऊक होता. गाडी पार्किंगात लायटीखाली उभी होती." मग ग्लास पुढे ठेवला. यजमान म्हणाले, "चार दिवसांनी गेली असती तर मी मागे बसलेलो असतो, बरं झालं खोटं बोललात." ते असंच बोलतात.

जिन्याखालच्या नोटीस बोर्डावर आता एक कागद लावला आहे. त्यावर एकशे आठ, दोन रिक्षावाल्यांचे नंबर, आणि रात्री गाडी काढू शकणाऱ्या पाच जणांची नावं आहेत, वयाप्रमाणे उलट्या क्रमाने. माझं नाव शेवटी आहे. चष्म्याचा नंबर आणि पाऊस दोन्ही वाढलेत, ते मी स्वतःच तसं लिहायला सांगितलं. गाडी मात्र विकलेली नाही. पुण्याला कळवलं आहे.

आणखी एक. गेल्या रविवारी मी आणि बारावीतला तो मुलगा, आम्ही दोघांनी टॉर्च घेऊन अकराही गाड्यांच्या पुढच्या चाकांमागे बघितलं. कुणाला विचारलं नाही, माफ करा. नऊ गाड्यांचे बूट चांगले आहेत. एकाला घडीत बारीक भेगा आहेत, अजून फाटलेला नाही; त्यांना सांगून झालंय. एका गाडीचा उजव्या बाजूचा बूट फाटून ग्रीस रिमवर उडालंय, अजून आवाज नाही. सेक्रेटरीसाहेब, ती गाडी तुमची. परवा तुम्ही मुलांना घेऊन आंबोलीला जाणार असं वहिनी म्हणत होत्या. उद्या सकाळी सातला मेस्त्री माझ्याकडे त्या लिंकसाठी येणार आहेत. माझं काम राहू दे, त्यांना आधी तुमच्या गाडीकडे पाठवतो. किल्ली तेवढी खाली आणून द्या.